रविवारची होडी

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन चांगलं नाही. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे चौथीत बाईंनी शिकवलं होतं, पण पुढं त्याची गरज पडली नाही आणि ते विसरून गेलं. अक्षरही तसंच. टॉवेलच्या कडा शिवणारा हात आहे. सरळ पळायची त्याला सवय. वेलांटी आली की अडखळतो, उकार आला की घसरतो. कुणाच्या हाती ही पानं पडलीच तर सांभाळून घ्यावं. मी ती दाखवायला लिहीत नाही. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही, म्हणून इथं बोलते आहे, एवढंच.

मांडीवर आबांचं जुनं शीड आहे. आबा म्हणजे माझे वडील. साखरेच्या पोत्यांचं बारदान उसवून, तुकड्याला तुकडा जोडून त्यांनी ते केलं होतं. मधे एक पट्टी त्यांच्या धोतराची आहे, कारण बारदान कमी पडलं होतं. होडी गेल्यावर हे शीड आईनं कडब्याच्या गंजीवर टाकलं, मग कणगीवर झाकलं, मग दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर गेलं. एक कोपरा उंदरांनी खाल्ला. तरी नाक लावलं की सगळं अजून आहे. खाली डांबर, त्यावर कडबा, आणि सगळ्यात आत, अगदी शिवणीत, ओल्या पाण्याचा तो हिरवा वास.

आमचं गाव उजनीच्या पाण्याच्या काठावर. मूळ गाव खाली होतं, धरण झालं तसं ते वर माळावर आलं. मला खालचं गाव आठवत नाही, मी कडेवर होते. मला आठवतं ते पाणीच.

शाळेत बाईंनी सांगितलं होतं, समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी. मी ते घरी येऊन आबांना सांगितलं. आबा भाकरी खात होते. त्यांचा घास हातातच राहिला.

"दोनदा? रोज?"

"व्हय. बाई म्हणाल्या."

"मग ती माणसं शेती कवा करत्यात?"

आई हसली, पण आबांचा प्रश्न खरा होता. आमच्या पाण्याला वर्षाची एकच भरती आणि एकच ओहोटी. आषाढ-श्रावणात पाणी चढायचं. आमच्यावर पाऊस नसायचाच, आभाळ घासलेल्या परातीसारखं स्वच्छ. पण तिकडं वर घाटात पाऊस लागायचा आणि चार दिवसांनी इथं कोरड्या काठावर पाणी चालत यायचं. आवाज नाही, लाट नाही. सकाळी ज्या दगडावर धुणं धुतलं, तो संध्याकाळी दिसायचा नाही. मग संक्रांतीनंतर ते हळूहळू उतरायला लागायचं, आणि वैशाखात खालची रानं उघडी पडायची. समुद्राचं पाणी चंद्राचं ऐकतं म्हणे. आमचं पाणी घाटातल्या ढगांचं आणि धरणाच्या दारांचं ऐकायचं. पण ऐकायचं.

आबा सहा दिवस श्रीपूरला असायचे, साखर कारखान्यात. ते गव्हाणीवर कामाला होते, म्हणजे जिथं उसाच्या मोळ्या आत टाकतात तिथं. शनिवारी संध्याकाळी दोन गाड्या बदलून ते यायचे. ते यायच्या आधी त्यांचा वास यायचा, मळीचा, गोड आणि आंबूस. बाळू, माझा धाकटा भाऊ, त्यांच्या पिशवीत हात घालायचा. मी नाही घालायची. मी होडीतलं पाणी उपसून ठेवलेलं असायचं आणि ते त्यांना दिसावं म्हणून दारात उभी राहायची.

होडी पत्र्याची होती, बुडाला डांबर फासलेली, चार माणसं बसली की भरायची. आमच्याकडं होडी म्हणजे मासे धरायला. आबा मासे धरत नव्हते. त्यांना जाळं टाकता येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. म्हणून रविवारी सकाळी आम्ही काठावर गेलो की कोळी लोक टोमणे मारायचे.

"काय पाव्हणं, आजबी जाळं इसरलासा व्हय?"

"जाळं कशाला? रानात चाललोय."

"रानात? होडी घिऊन? बैलं कुटं हायती मग?"

"म्होरं वारा जुपलाय की," आबा म्हणायचे आणि शीड ओढायचे.

ते खोटं बोलत नव्हते. आमचं रान पाण्याखाली होतं आणि आबा रविवारी ते बघायला जायचे. दुसऱ्याचं काही अडत नव्हतं, आम्हाला त्यातून काही मिळत नव्हतं. सहा दिवस गव्हाणीच्या आवाजात उभं राहिलेला माणूस सातव्या दिवशी आपल्या बांधावरून वाऱ्यानं फिरून यायचा. बस.

वारा मंद असला की ते डब्यानं शिडावर पाणी मारायचे. बारदान भिजलं की फुगतं, भोकं बुजतात आणि वारा आतून निसटत नाही. शीड कोरडं असताना फडफडायचं, भिजलं की गप्प व्हायचं आणि होडी पुढं सरकायची. तो क्षण मला अजून अंगावर जाणवतो. वल्हं नाही, ओरडणं नाही, काही नाही, आणि तरी आपण चाललो आहोत. बुडाखाली पाणी बारीक आवाजात बोलतं आहे. लाजाळू माणसाला यापेक्षा चांगली गाडी असेल असं मला वाटत नाही.

विहीर शोधायची रीत आबांनी मला शिकवली. बाळूला नाही, तो चिलापी मासे बघत वाकून बसायचा. "माळावरचं देऊळ आणि ते पंपाचं घर एका रेषेत आलं पायजे. आलं? आता मागं बघ. चिंच आणि टेकडीचा खांदा एका रेषेत. आलं? मग खाली आपली हिर." शीड सोडायचं. होडी थांबायची. आबा ओंजळीनं पाणी घेऊन प्यायचे.

"हितलं गोड लागतंय. बघ पिऊन."

मी प्यायची. मला खरंच गोड लागायचं. दहा हात पुढं जाऊन प्यायलं तर नुसतं पाणी. मग आम्ही विहिरीवर बसूनच भाकरी सोडायचो. शेंगाची चटणी, कांदा, आणि आईनं कळायला नको म्हणून लपवून दिलेला गुळाचा खडा, जो आबांना नेहमी कळायचा. लांब उथळात रोहित पक्षी उभे असायचे, माना पाण्यात घालून. शिडाला ते घाबरायचे नाहीत. आम्ही जवळून गेलो तरी एखादाच मान वर काढून बघायचा, ओळखीचं माणूस गेल्यासारखं.

वैशाखात मात्र होडी काठावर उलटी पडायची आणि आम्ही चालत त्याच रानात जायचो. गाळाला भेगा गेलेल्या, पायाला गार लागणारा. विहिरीचा काठ उघडा पडलेला, त्यावर शिंपले चिकटलेले. आबा गाळात काकडी आणि कलिंगड लावायचे. त्याला आमच्याकडं गाळपेर म्हणतात. पाणी यायच्या आत जे येईल ते आपलं. कोवळी काकडी तोडून तिथंच खाल्ली की तिच्यात पाण्याचाच वास यायचा. ज्या जागी महिन्यांपूर्वी होडीतून हात बुडवला होता, त्या जागी उभं राहून मी डोक्यावर हात नेऊन बघायची, पाणी कुठवर होतं ते.

गावात शाळा चौथीपर्यंत होती. पाचवी पलीकडच्या काठावर. मी आबांना विचारलं होतं, होडीनं नेता का. ते दोराची गाठ सोडून पुन्हा बांधत बसले. मला आता कळतं, शाळा रविवारी असती तर त्यांनी नेलंच असतं. रविवारी होडी असायची आणि शाळा नसायची. बाकीचे सहा दिवस उलटं. एवढंच आडवं आलं. मी कधी रागावले नाही. रविवार तर होतेच.

एक गोष्ट ते दर खेपेला सांगायचे, परत आल्यावर, मेखेला दोर बांधताना.

"दोर लांब ठेव. पाणी चडू दे नाय तर उतरू दे, होडीला त्याच्यासंगं जाता आलं पायजे. आन् हितलं आभाळ बघू नगंस. तिकडं घाटात पाऊस हाय का, ते इचार."

मग एका वर्षी होडी काठावर नव्हती. कुठं गेली, का गेली, मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी सोलापुरात आले.

आमची गल्ली यंत्रमागांची. दिवसभर खटाखट चालू असते, रात्री ती थांबली की कानाला झोप लागत नाही. आमचे हे टॉवेलच्या कारखान्यात आहेत, मी घरी मशीनवर कडा शिवते. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. ते उजनीचंच असतं असं लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं. तेव्हापासून मला एक खोड लागली. घागर भरली की मी तिच्यात तोंड घालून वास घ्यायची. औषधाचा वास यायचा, पाइपाचा यायचा, पण कधीकधी अगदी तळाशी दुसरंही काही यायचं.

समोरच्या घरातल्या नरसाक्कानं हे बरोबर टिपलं. अक्का तेलुगू, माझ्यापेक्षा मोठी, उंबऱ्यावर बसून विड्या वळणारी. मांडीवर सूप, हातात कात्री, आणि डोळे सगळ्या गल्लीवर.

"काय गं अम्मा, नळ जाऊन तास झाला. घागरीत तोंड घालून काय करायलीस?"

"काही नाही, अक्का."

"काही नाही म्हणणाऱ्या बाईच्या पोटात लई असतंय. सांग."

त्या वेळी बाळूनं फोनवर एक गोष्ट सांगितली होती आणि ती मला झोपू देत नव्हती. एक कोळी म्हातारा त्याची होडी विकत होता. आता तिकडं थंडीत शनिवार-रविवार लोक पक्षी बघायला येतात, मोठमोठे कॅमेरे घेऊन. सगळ्या होड्यांना इंजिनं आहेत, इंजिन वाजलं की पक्षी उडून जातात आणि लोक चडफडतात. "ताई, शिडाची होडी असती तर," एवढंच बाळू म्हणाला होता. मी ते अक्काला सांगितलं. एका दमात इतकं मी तिच्याशी कधी बोलले नव्हते.

"होडी? तू?" अक्काची कात्री थांबली. "दुकानात जाऊन उदबत्तीचा पुडा मागायला लाजतीस. तू होडी घेणार?"

"वाऱ्याशी बोलावं लागत नाही, अक्का."

अक्कानं कात्री सुपात ठेवली. मग उठून आत गेली आणि स्टीलचा डबा घेऊन आली. त्यात विड्यांचे साठवलेले पैसे होते.

"देवाचे आहेत," ती म्हणाली. "चिन्नूचं जावळ डोंगरावर जाऊन काढायचं, म्हणून ठेवलेत. नवस आहे. तिसऱ्या वर्षी काढायचं. तोवर डब्यात झोपूनच आहेत, वापर. पण तिसऱ्याच्या आत दे."

चिन्नू तिचा नातू, तेव्हा नुकता चालायला लागलेला.

"आणि तिसरं हुकलं तर?" मी विचारलं. आधीच भीती.

"मग पाचवं. सम वर्षी कात्री लावत नाहीत आमच्यात. पण हुकवू नकोस अम्मा. तोवर त्याला कुणी पोरगा म्हणणार नाही."

अशी होडी आली. पत्र्याचीच, आबांच्या होडीपेक्षा थोडी लांब. घाईत ताडपत्रीचं शीड केलं. शनिवारी दुपारी मशीनवर कापड झाकायचं, एसटी धरायची, संध्याकाळी गावात. एकदा गाडीच्या खिडकीत बसल्यावर लक्षात आलं की मी आबांसारखीच येते आहे, सहा दिवस पाठीवर घेऊन. तेव्हा आबा थकले होते, डोळ्यांनी कमी दिसायचं. ते काठावर बाभळीखाली बसायचे आणि गालाला वारा लावून सांगायचे, "आता सोड."

थंडी सरत आली होती, त्यामुळे त्या वर्षी फार लोक मिळाले नाहीत. मग उन्हाळा गेला, आषाढ आला. एका रविवारी संध्याकाळी मी आणि बाळूनं होडी डांबरून पाण्यात सोडली. गाडी चुकेल म्हणून मी घाईनं मेखेला बांधली. मेख अगदी पाण्याच्या कडेला होती. दोर आखूड ठेवला, वाऱ्यानं होडी दगडावर आपटू नये म्हणून. वर बघितलं. आभाळ घासलेल्या परातीसारखं होतं. मी गेले.

मंगळवारी बाळूचा फोन आला. "ताई, होडी दिसत न्हाय."

घाटात पाऊस झाला होता. पाणी रात्रीत चढलं, दोर आखूड, मेख खाली. होडीचं नाक धरून ठेवलं गेलं आणि पाणी वर आलं तशी ती जागच्या जागी खाली गेली. मी पोचले तोवर वर दोन पुरुष पाणी होतं आणि अजून चढतच होतं. कोळ्यांनी गळ टाकून बघितले, दोर तुटले. आबा बाभळीखाली बसले होते.

"कुटं बांदली व्हतीस?"

"मेखेला. काठाला."

"आबाळ बगितलंस?"

"व्हय."

"निवळ व्हतं?"

"व्हय, आबा."

ते हसायला लागले. दात नसलेलं हसू, थांबेचना. "पुरी सोलापूरकरीण झालीस की गं!" मग माझा हात चाचपून धरला. "रडू नगंस. पाणी ठिवून घेत न्हाय. माजं रान ठिवून घेतलं का त्यानं? दर साली दावतंय की. उनाळ्यात दील."

बाळू दुसरीकडं तोंड करून उभा राहिला. म्हाताऱ्याच्या बोलण्याला कोण काय म्हणणार.

सोलापूरला परत येताना मला आबांचं काही आठवत नव्हतं. डोळ्यांपुढं एक स्टीलचा डबा होता आणि त्यात काही नव्हतं. मी गल्लीत शिरले आणि घरात न जाता सरळ अक्काच्या उंबऱ्यापाशी उभी राहिले, कारण एकदा घरात गेले असते तर बाहेर आलेच नसते.

"अक्का, होडी बुडाली."

कात्री थांबली. "माणूस गेलं का कुणी?"

"नाही. रिकामी होती."

"रिकामी कशी बुडंल?"

मी सांगितलं. दोर, मेख, घाटातला पाऊस. तिनं दोनदा विचारून घेतलं.

"म्हणजे पाणी वर आलं म्हणून होडी खाली गेली?"

"हो."

"अय्यो! असलं पाणी तुमच्याकडंच." ती बराच वेळ तेंदूच्या पानाची कड उगाच कापत राहिली. "तुझे आबा काय म्हणतात?"

"उन्हाळ्यात परत देईल म्हणतात."

"कोण?"

"पाणी."

"पाण्यानं लिहून दिलंय का त्यांना?" मग आत बघून मोठ्यानं म्हणाली, "चिन्नू, इकडं ये रे. तुझं देवदर्शन माशांकडं गहाण पडलंय." आणि माझ्याकडं न बघता, हळू आवाजात, "बरं. पाचव्यात काढू. जा, चहा टाक, तोंड कसलं झालंय."

मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर सोपं गेलं असतं.

ते वर्ष चिन्नूच्या केसांवरून मोजता येईल. आधी कानावर आले, मग मानेवर. दिवाळीनंतर अक्कानं त्याच्या दोन वेण्या घातल्या. गल्लीतली पोरं त्याला ताई म्हणायची आणि तो त्यांना बुक्के मारून यायचा. दिवसभर जिच्या हातात कात्री, त्या बाईला घरातल्या त्या केसांना कात्री लावता येत नव्हती. माझ्यासमोर ती कधी काही बोलली नाही. पण सकाळी उंबऱ्यावर बसून ती त्याच्या वेण्या घालायची, तो पाय आपटायचा, आणि मी मशीनवर मान खाली घालून कडा शिवायची.

त्याच दिवसांत बाळूनं माळ्यावरून हे जुनं शीड काढून आणून दिलं. मी ते जमिनीवर पसरलं. घरभर झालं, आमचे हे पलंगावर पाय वर घेऊन बसले. मी जाड मांजरपाट आणला आणि जुन्यावर नवं ठेवून कापलं. माप नाही, कागद नाही. आबांच्या हातानं जिथं वाक दिला होता, तिथंच वाक दिला. दुहेरी शिवण घातली. वरच्या टोकाला, जिथं वारा पहिला लागतो, तिथं आबांच्या धोतराच्या पट्टीतला तुकडा बसवला.

"होडी पाण्यात आन् शीड घरात," हे म्हणाले.

"होडी येईल," मी म्हणाले. माझा मलाच आवाज ओळखू आला नाही.

संक्रांत झाली. पाणी उतरायला लागलं. गल्लीत सगळे नळाला पाणी यायची वाट बघायचे आणि मी धरणातलं पाणी जायची. चैत्रात एका सकाळी फोन वाजला.

"ताई, काठी दिसली!"

"कसली?"

"डोलकाठी गं! नुसतं टोक. वर पाणकावळा बसलाय, पंख वाळवत!"

मी उठले तर मांडीवरचे सगळे टॉवेल खाली पडले. समोर जाऊन अक्काला सांगितलं. तिनं विडीचं सूप बाजूला ठेवलं, देवापुढं जाऊन उदबत्ती लावली आणि परत येऊन म्हणाली, "कावळा नीट बसलाय का विचार. काठी मोडंल."

मग दर शनिवारी मी गेले आणि दर शनिवारी होडी थोडी जास्त होती. आधी हातभर काठी, मग निम्मी, मग होडीचा काठ, शिंपल्यांची नक्षी असलेला. शेवटी ती सगळी गाळात उभी होती, जिथं बांधली तिथंच, मेखेशी, नाक खाली घालून. चुकलेलं जनावर गोठ्याशी येऊन उभं राहावं तशी. आत साचलेल्या पाण्यात चिलापीची पिल्लं फिरत होती. आबांना धरून नेलं. त्यांनी पत्र्यावरून हात फिरवला, बोटं ठोकून आवाज ऐकला.

"खणखणीत हाय. आता भोवती काकडी लावा, जागा वाया नगं."

आम्ही खरंच लावली. त्या उन्हाळ्यात होडीच्या भोवती वेल पसरले होते आणि पहिली काकडी मी सोलापूरला अक्कासाठी घेऊन गेले. तिनं वास घेतला. "होडीचा वास येतो," म्हणाली. तिनं होडी तोवर बघितलीही नव्हती.

पुढच्या थंडीत नवं शीड वर चढलं. त्या हंगामात पहिले आले ते पुण्याकडचे एक आजी-आजोबा. सगळ्या इंजिनवाल्यांनी त्यांना हाका मारल्या, मी नुसती उभी. त्या आजी माझ्यापाशी येऊन थांबल्या.

"तुमचं इंजिन कुठं आहे?"

"इंजिन नाही," मी म्हणाले. "वारा आहे."

वारा होता. आम्ही रोहित पक्ष्यांच्या इतक्या जवळून गेलो की आजोबा कॅमेरा विसरून गेले. एका पक्ष्यानं मान वर करून बघितलं आणि परत खाली घातली. मला वाटलं, त्यानं ओळखलं. त्या दोघांनी जाऊन आणखी कुणाला सांगितलं, त्यांनी आणखी कुणाला. मला हाका माराव्या लागल्या नाहीत. पुढं तर मी स्वतःहून म्हणायला लागले, "या, बसा. लाईफ जॅकेट घाला. बोलू नका, म्हणजे तेही उडणार नाहीत." न बोलायचं दुसऱ्याला सांगता येतं, हा मला नवाच शोध होता.

अशा दोन थंड्या गेल्या. दर सोमवारी सकाळी मी अक्काच्या डब्यात पैसे टाकून यायची. कधी थोडे, कधी बरे. ती डबा पुढं सरकवायची आणि चिन्नूच्या वेणीला रिबीन बांधत राहायची. तो आता पाचव्यात होता. वेण्या कमरेपाशी आल्या होत्या.

आणि मागच्या रविवारी अक्का आली. सांगितलं नव्हतं. दुपारी एसटीतून उतरली, एका हाताला चिन्नू, दुसऱ्या काखेत डबा.

"माझे पैसे कशावर तरंगतात ते बघायला आले," ती म्हणाली. मग पाणी बघून तिथंच उभी राहिली. "अय्यो देवा. एवढं? आणि आमच्या नळाला करंगळीएवढी धार?"

होडीत बसताना तिनं माझा दंड असा धरला की अजून वळ आहे. चिन्नू मात्र पुढं जाऊन बसला आणि त्यानं वाकून दोन्ही वेण्या पाण्यात सोडल्या. शीड भरलं. अक्का पुटपुटत होती ती गप्प झाली. बराच वेळ फक्त बुडाखालचं पाणी बोलत होतं.

देऊळ आणि पंपाचं घर. चिंच आणि टेकडीचा खांदा. मी शीड सोडलं.

"इथं खाली आमची विहीर आहे, अक्का."

तिनं वाकून बघितलं. मग हळूच दंड सोडला, ओंजळीत पाणी घेतलं आणि प्याली. जिभेवर घोळवलं.

"आमच्याच नळाचं की गं," ती म्हणाली.

"तेच आहे, अक्का."

"पण इथं गोड आहे."

काठावर परत आलो तेव्हा आबा बाभळीखाली होते. "हिरीवरनं आलासा?" त्यांनी विचारलं. अक्का म्हणाली, "व्हय, पाणी पिऊन आलो," आणि आबा अशा आनंदानं हसले की जणू पाहुणीनं त्यांच्या घरी जेवण केलं होतं.

मी मेखेला दोर बांधला. मग कमरेची पिशवी सोडून शेवटचे पैसे काढले आणि अक्काच्या हातावर ठेवले.

"सगळे झाले, अक्का."

तिनं ते कपाळाला लावले. डबा उघडला, आत ठेवले, झाकण दाबून बसवलं. चिन्नूच्या ओल्या वेण्या पिळल्या आणि म्हणाली, "आता डोंगर."

मग तिनं वर बघितलं. आभाळ अगदी स्वच्छ होतं. तिनं माझ्या हातातल्या गाठीकडं बघितलं.

"फिटलं सगळं," अक्का म्हणाली. "पण दोर लांब ठेव, अम्मा."